बोळकं बघायला जायचे पाच मार्ग

आमच्या राजधानीतून शेजारच्या राजधानीत जायला पाच मार्ग आहेत, आणि मी अजून तिथे पोचलेले नाही याचं तेवढं एकच कारण आहे.

दोन्ही शहरं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर बसली आहेत. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडची एक पिवळी इमारत दिसते, तिच्या गच्चीवरची निळी टाकी दिसते आणि हवा स्वच्छ असली तर टाकीखाली वाळत घातलेल्या चादरीही दिसतात. त्या चादरी माझ्या आईच्या. म्हणजे ओट्याशी उभं राहून मला माझं माहेर दिसतं. फक्त तिथे जाता येत नाही, कारण रेल्वे आहे, बस आहे, लाँच आहे, शेअर टॅक्सी आहे आणि विमानही आहे. एकच काहीतरी असतं तर केव्हाच जाऊन आले असते.

टिकली, म्हणजे आमची मुलगी, पालथी पडायला लागली त्या सुमारास आईचा फोन आला. आईचे उरलेसुरले दात डॉक्टरांनी नुकतेच काढून टाकले होते आणि हिरड्या भरून आल्या की कवळी बसवायची होती. टिकलीला तिने तोवर फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं.

"मी कवळी बसवून घेणार नाही," आई म्हणाली. "आधी तू पोरीला घेऊन ये. तिचंही बोळकं, माझंही बोळकं. दोघींचा एक फोटो काढायचा, हसताना. मग बसवते."

"आई, डॉक्टर काय म्हणतात?"

"त्याला आहेत सगळे दात. त्याला काय कळतंय? तू आपली तिला दात यायच्या आत ये म्हणजे झालं."

मी लगेच तयारीला लागले. मी शिकलेली बाई आहे, तेव्हा तयारी म्हणजे तुलना, हे सांगायला नकोच. टिकलीच्या दुधाच्या बाटलीबद्दल मी जितकं वाचलं तितकं पदवीच्या शेवटच्या वर्षी वाचलं असतं तर कॉलेजात पहिली आले असते. दुपटी घेतानाही मी कापड उजेडात धरून वीण बघितली होती. आता तर अख्खं मूल न्यायचं होतं, तेही पाण्यापलीकडे.

"रेल्वेने जा की सरळ," नवरा म्हणाला.

"रेल्वेत वारं लागतं," सासूबाई म्हणाल्या.

"मग बस."

"बसमध्ये लहान मुलं ओकतात."

"लाँच?"

"लाँचचा कठडा माझ्या कमरेएवढा आहे," मी म्हणाले. "आणि टिकली असते माझ्या कडेवर. म्हणजे कठड्याच्या वरच की."

"टॅक्सी कर मग."

"शेअर टॅक्सीत एकजण खोकणारा असतोच," शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या. त्या साखर मागायला आल्या होत्या. "आणि विमानाचं तर नावच काढू नकोस. एवढ्याशा अंतराला ते चढतं न चढतं तोच उतरतं. बाळाचे कान एकदा दुखायचे ते लागोपाठ दोनदा दुखतात."

नवऱ्याने पेपर उघडून तोंडासमोर धरला. त्याच्या घराण्यात चर्चा अशी संपते.

तरीही मी एखाद्या दिवशी जीव मुठीत धरून निघाले असते. पण आमच्यासारख्यांची कळकळ सरकारच्या कानावर गेली होती. झालं असं की, एक सद्गृहस्थ बसने पलीकडे पोचले आणि उतरल्यावर त्यांना कळलं की लाँच आधीच येऊन लागली आहे. ते तिथेच फुटपाथवर डोकं धरून बसले. त्यांचा तो फोटो घरोघरी फिरला. अजून किती निष्पाप नागरिक चुकीच्या वाहनाने जाणार आहेत, असा प्रश्न इकडच्याही सभागृहात विचारला गेला आणि तिकडच्याही. दोन्ही सरकारांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याची ती पहिलीच वेळ. पश्चात्ताप प्रतिबंधक कायदा एका बैठकीत मंजूर झाला. यापुढे सर्व मार्गांची तुलना करून 'सुज्ञ निवड दाखला' मिळवल्याशिवाय कुणालाही तिकीट मिळणार नव्हतं. त्या मागणीवर मीही सही केली होती. बाळ झाल्यापासून सुरक्षा हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो.

दाखले देण्यासाठी संयुक्त तौलनिक प्रवास कक्ष स्थापन झाला. जागेवरून तंटा नको म्हणून कक्षाची इमारत दोन्ही शहरांच्या बरोबर मधोमध, नदीवरच्या जुन्या पुलावर बांधण्यात आली. पूल तसाही रिकामाच होता, असा खुलासा तेव्हा करण्यात आला. त्यावरून फक्त माणसं चालत जायची. अर्ध्या पुलाला आमच्या बाजूचं प्रवेशद्वार, उरलेल्या अर्ध्याला त्यांच्या बाजूचं. आत मध्यभागी दुधी काचेची एक भिंत. भिंतीच्या अलीकडे आमचे नागरिक जाण्याची तुलना करत होते, पलीकडे त्यांचे नागरिक येण्याची. काचेतून सावल्या हलताना दिसायच्या. फार शिस्तीची जागा.

टिकलीला कडेवर घेऊन मी अर्धा पूल चालून गेले. खिडकीपलीकडे तुलना अधिकारी बसले होते. त्यांना सगळे तराजूसाहेब म्हणतात, कारण कुठलाही प्रश्न विचारला की ते आधी डावीकडे मान कलती करतात, मग उजवीकडे, आणि मग तीच मधोमध आणून गप्प बसतात.

"तुलना केली आहे?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब. पाचही मार्गांची."

"कशी?"

"वाचून. शिवाय घरातल्या मोठ्यांना विचारून."

"म्हणजे ऐकीव." डॉक्टर ज्या सुरात 'ताप आहे' म्हणतात त्या सुरात ते म्हणाले. "ऐकीव तुलना ग्राह्य नाही, ताई. स्वतःचा अनुभव हवा."

"पण अनुभव घ्यायचा तर प्रवास करावा लागेल."

"अर्थात."

"आणि प्रवास करायला दाखला लागेल."

"अर्थात."

"मग?"

तराजूसाहेब प्रसन्न हसले. या 'मग'ची ते सकाळपासून वाट बघत असावेत. "सरकार इतकं निर्दय नाही. त्यासाठी आपल्याकडे अनुभव दालन आहे."

अनुभव दालन म्हणजे एक लांबलचक हॉल. तिथे रेल्वेचं एक बाक, बसची एक सीट, लाँचची एक फळी, टॅक्सीचा मागचा भाग आणि विमानातली एक खुर्ची अशी पाच आसनं जमिनीला बोल्टने पक्की केली आहेत. ज्या वाहनाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्या आसनावर बसायचं, त्यात नेहमीचा उशीर मिळवून. रेल्वेच्या बाकाला एक कर्मचारी एका लयीत हलवतो, आणि दुसरा अधूनमधून येऊन काळजीच्या सुरात "कुठलं स्टेशन आलं हो?" असं विचारून जातो. लाँचच्या फळीवर बसलेल्याच्या अंगावर एक सभ्य बाई मगने पाणी उडवतात आणि प्रत्येक वेळी "माफ करा हं, लाट आहे," म्हणतात. विमानाच्या खुर्चीपर्यंत पोचायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. माझ्या चपला उतरवल्या, टिकलीचे मोजे उतरवले, बाटलीतलं दूध मला प्यायला लावलं आणि शेवटी एकदाची खुर्चीत बसून पट्टा लावते तोच पडद्यामागून आवाज आला, "पोचलात. उतरा."

टॅक्सीचं काम मात्र अडलं. मागच्या सीटवर आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो होतो, तरी ड्रायव्हरचं काम करणारा कर्मचारी आणखी एका प्रवाशाशिवाय गाडी सोडायला तयार नव्हता. तो प्रवासी त्या दिवशी आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. न सुटलेल्या टॅक्सीत मी टिकलीला मांडीवर घेऊन बसून असायचे. हॉलच्या खिडकीतून निळी टाकी दिसायची. घरून दिसते त्यापेक्षा बरीच मोठी. पण अनुभव चालू असताना बाहेर बघायला मनाई होती. लक्ष विचलित होतं.

बसच्या सीटची पाळी आली तेव्हा खड्ड्यांसाठी नेमलेला एक धिप्पाड माणूस ती खालून उसळवत होता. टिकली खिदळत होती आणि माझं बोट चघळत होती. एका खड्ड्यात मला टचकन काहीतरी टोचलं. मी तिचा ओठ खाली ओढून बघितलं. खालच्या हिरडीत पांढरं टोक.

"साहेब!" मी ओरडले. "दात आला!"

तराजूसाहेब लगबगीने आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "अभिनंदन. बसमध्ये आला का? तसं नमूद करावं लागेल."

संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा मी टिकलीच्या तोंडात चोखणी घातली.

"हसव की तिला," आई म्हणाली.

"चोखणी सोडत नाही गं आजकाल."

"बरं, राहू दे. दात नाही ना आला अजून?"

"छे. तू काय खातेस?"

"काय खाणार? सूप. आणि भिजवलेला पाव." असं म्हणून आईने पडद्यासमोर आपलं तोंड उघडून दाखवलं. गुलाबी, गुळगुळीत, हसरं. माझ्यासाठी ही बाई पाव भिजवून खातेय, आणि मी टॅक्सी सुटायची वाट बघतेय.

कक्षात एक निवृत्त पोस्टमास्तर रोज भेटायचे. इस्त्रीचा शर्ट, डबा, पाण्याची बाटली. त्यांचे पाचही अनुभव दोन-दोनदा घेऊन झाले होते.

"तुमचं कोण असतं पलीकडे?" मी एकदा विचारलं.

"माझं? कोणीही नाही."

"मग कशाला जायचंय?"

"जायचंय कुणाला? पण घरी बसलो की घरी बसल्यासारखं वाटतं. इथे बसलो की निघाल्यासारखं वाटतं."

असे बरेच होते. हळूहळू तर तुलनेत असणं हीच प्रतिष्ठेची गोष्ट झाली. सासूबाई त्यांच्या मैत्रिणींना सांगायच्या, "आमची सून अजून टॅक्सीच्याच अनुभवात आहे. घाईघाईत उरकणारी नाही ती." त्यावर दुसरी म्हणायची, "माझा जावई तर परत पहिल्यापासून करतोय." काकूंचा भाचा कायद्याच्या आधी, एका रविवारी, मनात आलं म्हणून पलीकडे जाऊन आला होता. त्याचं लग्न जमेना. मुलीकडचे विचारायचे, कशाने गेला होता? तो म्हणायचा, जी समोर आली तिने. झालं. लोक उठून जायचे.

टॅक्सी एकदाची सुटली, म्हणजे सुटल्याचं जाहीर झालं, आणि मी पाच अनुभव घेऊन खिडकीशी गेले. तोवर टिकलीला वरचे दोन आणि खालचे दोन दात होते, आणि ती रांगत होती.

"तुमचं झालं," तराजूसाहेब म्हणाले. "बाळाचं?"

"बाळाचं काय?"

"तीही प्रवासी आहे. उद्या मोठी झाल्यावर तिला वाटलं की आपल्याला रेल्वेने न्यायला हवं होतं, तर तो पश्चात्ताप कुणाच्या खात्यावर? तिची स्वतंत्र पसंती घ्यावी लागेल."

"साहेब, तिला बोलता येत नाही."

"म्हणून तर खेळणी आहेत."

सतरंजी अंथरण्यात आली. तिच्यावर एक आगगाडी, एक बस, एक होडी, एक मोटार आणि एक विमान अर्धगोलात मांडण्यात आलं. टिकलीला मध्यभागी सोडलं. हॉलमधले सगळे आपापल्या आसनांवरून माना वळवून बघू लागले, खड्डेवालाही थांबला. टिकलीने आगगाडी उलटी केली, विमान चाटलं, आणि मग सगळं तिथेच टाकून झपाझप रांगत थेट काचेच्या भिंतीकडे गेली. भिंतीत एक दार होतं. दारावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' असं लिहिलं होतं. टिकलीने त्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या आणि वळून आमच्याकडे बघून हसली, चार दात दाखवून.

तराजूसाहेबांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. "पसंती अवैध," ते म्हणाले. "दार हा मार्ग नाही."

तेवढ्यात ते दार पलीकडून उघडलं आणि चहावाली बाई ट्रॉली ढकलत आत आली. टिकलीला तिने पायानेच हळूच बाजूला सारलं. दोन्ही बाजूंच्या कर्मचाऱ्यांना तीच चहा देते. दिवसातून कितीदा तरी ती इकडची तिकडे आणि तिकडची इकडे होते.

"तुम्हाला दाखला लागत नाही?" मी तिला विचारलं.

"मी कुठे जाते, बाई?" ती म्हणाली. "मी चहा देते."

मला ते पटलं. दार तिच्यामागे बंद झालं.

टिकलीची पसंती शेवटी विमानाच्या बाजूने धरण्यात आली, कारण तिने ते चाटलं होतं. त्यावर माझी हरकत, त्या हरकतीवर सुनावणी, आणि सुनावणीत वरच्या दाढा. आईच्या फोनवर चोखणी चालूच होती. एकदा पलीकडून कुर्रम कुर्रम असा आवाज आला.

"काय खातेस गं, आई?"

"मी? काही नाही. पाव."

"भिजवलेला?"

"नीट भिजला नसेल." आणि तिने घाईघाईने फोन ठेवला. मला रात्रभर अपराध्यासारखं वाटत राहिलं. न भिजलेला पाव, तोही हिरड्यांनी.

अखेर दाखला तयार झाला. तराजूसाहेबांनी तो स्वतःच्या हाताने खिडकीतून पुढे केला, आणि मी धरणार तोच तसाच मागे घेतला.

"अभिनंदन, ताई. आणि माफ करा. आत्ताच कळलं, सहावा मार्ग जाहीर झालाय. रोपवे."

"रोपवे बांधून झाला?"

"कोनशिला बसली."

"मग त्याचा अनुभव कसा घ्यायचा?"

"कोनशिलेवर बसून."

दालनात सहावं आसन आलं होतं. चौकोनी, काळा, गार दगड. त्यावर मान्यवरांची नावं कोरलेली होती, ती पाठीमागून टोचत. त्याला किती वेळ बसायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण रोपवेला किती वेळ लागणार हे ठरलेलं नव्हतं. "रोपवे पूर्ण होईपर्यंत धरा," तराजूसाहेब म्हणाले. मी बसले. मला एक सांगू का? आधीच्या पाच आसनांपेक्षा तो दगड बरा होता. हलत नव्हता. मी पहिल्याच दिवशी मनात त्याला वरचा क्रमांक दिला.

त्या दगडाला धरून टिकली उभी राहायला शिकली. दगडापासून टॅक्सीपर्यंत चालायला शिकली. पोस्टमास्तरांचा डबा उघडायलाही शिकली.

मग एका सकाळी आई फोनवर म्हणाली, "आज मी पण तिथेच आहे. पलीकडच्या बाजूला. माझा टॅक्सीचा अनुभव राहिलाय ना."

"तू पण तुलना करतेस?"

"मग काय! तू कशाने येणार, याची किती दिवस वाट बघत बसू? म्हटलं आपणच निघावं. पण इथे तरी काय, टॅक्सी सुटत नाही बघ."

मी दगडावर बसून काचेकडे बघत राहिले. पलीकडे बऱ्याच सावल्या होत्या. त्यातली एक माझ्या आईची होती. कुठली, ते कळत नव्हतं.

चहाची वेळ झाली. चहावाली बाई आली, इकडचे कप भरले, आणि ट्रॉली वळवून दाराकडे निघाली. टिकली ट्रॉलीचा दांडा धरून तिच्यामागे डुलत डुलत निघाली. मी "टिकले!" म्हणून ओरडले. तराजूसाहेबांनी मान डावीकडे केली. ती उजवीकडे येईपर्यंत ट्रॉलीही दारातून गेली होती आणि टिकलीही.

दार उघडंच राहिलं. ट्रॉलीचं मागचं चाक उंबऱ्यात अडकलं होतं.

त्या फटीतून मला पलीकडचं दालन दिसलं. अगदी आमच्यासारखंच. रेल्वेचं बाक, लाँचची फळी, मगवाली एक सभ्य बाई. आणि न सुटलेल्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर माझी आई बसली होती, हातात एक लालभडक सफरचंद. तिने त्याचा करकरून चावा घेतला. पांढरेशुभ्र, एका ओळीत बसवलेले, वरचे आणि खालचे, सगळेच्या सगळे दात.

टिकली तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तोंडभर हसली. तिचेही सगळे दात दिसले.

दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"अगं, हिला तर दात आहेत!" आई ओरडली.

"आई, तुला तर कवळी आहे!" मी दगडावरून ओरडले.

"तू म्हणत होतीस चोखणी सोडत नाही!"

"तू म्हणत होतीस पाव भिजवून खाते! रोज तोंड उघडून दाखवत होतीस!"

"ते फोन करताना काढून ठेवायचे गं. वाटीत." आईचा आवाज एकदम खाली आला. "मला वाटलं, कवळी बसवली हे कळलं तर तू यायचं सोडून देशील."

"मला वाटलं, दात आले हे कळलं तर तू वाट बघायचं सोडून देशील," मी म्हणाले.

दोन्हीकडच्या मगवाल्या बाईंनी लाट थांबवली. मग आईने सफरचंद बाजूला ठेवलं, तोंडात हात घातला, वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही तळहातावर धरून टिकलीपुढे बोळकं पसरून हसली. टिकली आधी तोंडाकडे बघायची, मग हाताकडे, मग परत तोंडाकडे. मग ती इतकी हसली की मटकन खालीच बसली. आईने तिला उचलून घेतलं. तोवर तिने आपल्या नातीला एकदाही उचललं नव्हतं.

"ताई," तराजूसाहेब माझ्याशेजारी येऊन हळू आवाजात म्हणाले, "तुमची मुलगी तुलना न करता प्रवास करून गेली. तिला पश्चात्ताप होतोय का?"

"तुम्हीच बघा की."

त्यांनी बघितलं. "हसतेय," ते म्हणाले. "हसण्याचा रकाना आपल्याकडे नाही. 'अनिर्णित' लिहितो."

"ये की आता तू पण," आईने तिकडून हाक मारली. कवळीशिवाय तिचे शब्द ओले येत होते, पण नीट कळत होते. "दार उघडंच आहे."

"लवकर काय ते ठरवा, बाई," चहावाली उंबऱ्यातलं चाक सोडवत म्हणाली. "चहा गार होतोय."

मी दगडावरून उठले. दारापर्यंत गेले. आई तिथे होती, समोर, ओट्यावरचा डबा काढायला हात लांब करावा तेवढ्या अंतरावर. पण मी शिकलेली बाई आहे. आत्ता गेले तर आधीचे पाच अनुभव बाद होतील आणि दगडही अर्ध्यावर सुटेल, हे माझ्या लगेच लक्षात आलं. शिवाय उंबऱ्यापलीकडच्या फरशीवर थोडा चहा सांडला होता. आत्ता जाणं बरं, की फरशी पुसल्यावर? चहाच्या सुट्टीत जाणं बरं, की जेवणाच्या? उजवा पाय आधी टाकावा, की ट्रॉलीला धरून...

चाक सुटलं. दार बंद झालं.

काचेवर दोन सावल्या होत्या, एक मोठी आणि तिच्या खांद्यावर एक छोटी. मोठीने हात हलवला. मीही हलवला.

घरी आले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "टिकली कुठेय?"

"पलीकडे. आईकडे."

"पोचली?" त्याने पेपर खाली ठेवला. "कशाने गेली?"

"चालत."

"आणि तू?"

"माझं अजून चाललंय."

नवरा म्हणाला, "बरोबर आहे. घाई नको." आणि पेपर पुन्हा उचलला. सासूबाईंनी मैत्रिणीला फोन लावला.

आता टिकलीला परत आणायचं तर उलट दिशेचा दाखला लागतो आणि त्याची तुलना वेगळी. तराजूसाहेबांनी मला धीर दिला आहे. ते म्हणाले, दुधाचे दात सहाव्या वर्षाच्या सुमारास पडायला लागतात, म्हणजे आईला तिचं बोळकं मिळायचं ते मिळेलच. आणि तोवर रोपवेचा एक तरी खांब उभा राहील अशी सरकारला आशा आहे. मी रोज जाऊन दगडावर बसते. पोस्टमास्तर डबा उघडला की सवयीने खाली बघतात.

तुम्ही हसत असाल. हसा. पण खरं सांगा, ही गोष्ट तुम्ही उघडलीत ती शेवटी कशाने जावं ते कळेल म्हणूनच ना? रेल्वे बरी, की बस, की लाँच, एवढं कुणीतरी एकदाचं ठरवून द्यावं म्हणून? आणि इथवर वाचत आलात, तर तेवढ्या वेळात माणूस अर्धा पूल सहज चालून जातो. म्हणजे तुम्ही आता इथेच आहात. दगडावर मी सरकून जागा केली आहे, बसा. टॅक्सी भरायला एकजण कमीच होता.

तुमचं कोण आहे हो, पलीकडे?